२०० किमीच्या राइडचं खाणं-पिणं: हा प्लॅन तपासून द्या (नागपूर–कुरई–नागपूर)

त्रिमूर्तीनगर_सायकल

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी २०० करायचं ठरवलंय. रस्ता जबलपूर रोडचा: कामठी, कन्हान, मनसर, देवलापार, खवासा, कुरई आणि त्याच वाटेने परत. सकाळी ६ ला सुटायचं. ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) नियमाने २०० ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे संध्याकाळी साडेसातच्या आत घरी. माझं वजन ५८ किलो, थांबे सोडून वेग २० च्या आसपास. शंभरपर्यंतच्या राइड होतात, पण ७०-८० नंतर पोट डब्ब होतं, गोड नकोसं वाटतं आणि शेवटच्या तासात पायात काही उरत नाही.

सध्याचा प्लॅन असा:

आदल्या रात्री सगळे मिळून बाहेर जेवण, बहुतेक सावजी.
पहाटे साडेचारला एक प्लेट तर्री पोहे आणि चहा.
७५० मिलीच्या दोन बॉटल, दोन्हीत साधं पाणी. ऊन चढलं की एका बॉटलमध्ये ओआरएसचं एक पाकीट.
रस्त्यात ४ शेंगदाणा चिक्की (२५ ग्रॅमवाल्या) आणि ३ केळी. पहिलं खाणं मनसरला.
खवासाला ढाब्यावर दाल, दोन रोट्या, भात.

एवढं पुरेल का? पोट डब्ब का होतं? आणि मिठाच्या तयार गोळ्या घ्याव्या की घरचं लिंबू-मीठ-साखर चालेल?

---

गिअर_चौतीस

ताई, आधी बेरीज करू, बाकीचं त्यातूनच निघेल.

५८ किलो वजन, सपाट रस्ता आणि २० चा वेग धरला तर तासाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी जळतात. दहा तास पेडल मारायचं म्हणजे साडेतीन-चार हजार. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, तुमच्या वजनाला फार तर १५००-१८०० कॅलरींचं. उरलेली ऊर्जा चरबीतून येते, पण चरबी जाळायलाही थोडं ग्लायकोजेन लागतंच. ते संपलं की पाय रिकामे होतात, चिडचिड होते, हात थरथरतात. यालाच बाँक म्हणतात. एकदा तिथे पोचल्यावर केळं खाल्लं तर पोटातून रक्तात साखर यायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि तोवर तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलेल्या असता.

म्हणून जळतं तेवढं सगळं भरायचं नसतं, निम्मं भरायचं असतं. तुमच्या वेगाला तासाला ४५ ते ५० ग्रॅम कार्ब (साखर-पिष्ट) पुरतात, म्हणजे दहा तासांत ४५०-५००. आता तुमची यादी पाहा. शेंगदाणा चिक्की चार, प्रत्येकी १३ धरून ५२ ग्रॅम. केळी तीन, मध्यम आकाराची, ७५. ओआरएसच्या लिटरच्या पाकिटात ग्लुकोज साडेतेरा. ढाब्याचं जेवण सुमारे १००. एकूण २४० च्या घरात. गरजेच्या निम्मं. त्यातलेही १०० ग्रॅम एकाच ठिकाणी, आणि पहिला घास ४५ किमीनंतर. शेवटच्या तासात पाय रिकामे का पडतात याचं उत्तर इथेच आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची: खाण्याची सुरुवात भूक लागल्यावर करायची नाही. पहिल्या अर्ध्या तासात दोन खजूर, म्हणजे कन्हानच्या अलीकडेच. मग दर वीस मिनिटांनी घड्याळाचा अलार्म. अलार्म वाजला की दोन-तीन मोठे घोट, आणि एक आड एक अलार्मला घास. सकाळी गारवा असतो, पोट थंड असतं, पचन चांगलं चालतं. दुपारी हेच पोट नखरे करणार आहे, तर जमा खाते सकाळीच भरून ठेवा.

पोट डब्ब होण्याची कारणं तुमच्या यादीत सरळ दिसतात. व्यायामात रक्त पायांकडे आणि उन्हात त्वचेकडे जातं, आतड्याला कमी मिळतं. अशा वेळी तेल, तूप, शेंगदाणे, हरभरे आत गेले की ते जठरातच बसून राहतात. शेंगदाणा चिक्कीत पाव हिस्सा तरी चरबी असते. चालत्या सायकलवर ती चावायलाही वाईट: तोंड कोरडं, श्वास जोरात, तुकडा घशात जाऊन ठसका. चिक्की पहिल्या दोन तासांत ठीक, नंतर नको.

खिशात ठेवण्यासारखं काय, तर:

खजूर (बी काढलेले): एका साध्या खजुरात ६ ग्रॅमच्या आसपास. तीन-चार म्हणजे तासाचं निम्मं काम.
उकडलेले छोटे बटाटे, सोलून, मीठ लावून: २०० ग्रॅमला ३५ ते ४०. गोड नकोसं झालं की यांच्यासारखं दुसरं नाही. मात्र दुपारी १२ च्या आत संपवा, उन्हात पिशवीत आंबतात.
गूळ-पोळीचा रोल: पोळीला १५-१८ आणि १५ ग्रॅम गुळाचे १४. तूप जेमतेम बोटभर. बटर पेपरमध्ये गुंडाळा, फॉइल घामट हातांनी उघडत नाही.
ग्लुकोज बिस्किटं: छोट्या एका बिस्किटात ४ ग्रॅम. रस्त्यावर कुठेही मिळतात, हीच त्यांची खरी किंमत.

पुरणपोळीचं लोक फार कौतुक करतात. डाळीचा भाग असल्यामुळे ती हळू पचते. पहाटे घरून निघताना अर्धी चालेल, ८० किमीनंतर नको.

उरलेली गरज बॉटलमधून भरायची. त्यावर वेगळं लिहितो, नाहीतर हीच पोस्ट २०० किमीची होईल.

---

मिहान_पेडल

ताई, काहून पोट डब्ब होते इचारता, आणि रात्री सावजी, पहाटे तर्री! बाप्पा, पोटानं काय गुन्हा केला?

तर्री पोह्याचं सांगतो, कारण नागपुरात ते सोडा म्हटलं तर कोणी आयकत नाही. पोहे चांगलेच आहेत. कोरडे पोहे ६० ग्रॅम घेतले तर ४५ ग्रॅम कार्ब, वरून साखर चिमूटभर, लिंबू पिळून. तर्री म्हणजे हरभरे, तेल आणि तिखट. हरभऱ्यानं गॅस, तेलानं जठर जड, तिखटानं वाकून सायकल चालवताना छातीत जळजळ. ड्रॉप हँडलवर (खाली वळलेलं हँडल) पोट दाबलं जाते, तेव्हा वर येऊन राह्यते सगळं. पोहे पहाटे खा, तर्री परत आल्यावर खा, दोन प्लेट खा, कोणी हटकणार नाही.

रात्रीच्या जेवणाला मऊ भात, साधं वरण, थोडी बटाट्याची भाजी, दही. कोशिंबीर, कोबी, मोड आलेली मटकी त्या रात्री नको, चोथा जितका कमी तितकी सकाळ मोकळी जाते. आठ वाजेपर्यंत जेवण उरका. आणि पाण्याचे हंडे रिचवू नका, उगा रात्रभर उठावं लागते.

आता रस्त्याचं. मनसरपर्यंत काही टेन्शन नाही, कामठी, कन्हान, सगळीकडं दुकानं. मनसर शेवटचा मोठा बाजार समजा. तिथून पुढं पेंचचं जंगल लागते, देवलापारला थोडी दुकानं, मग खवासाला ढाबे. मधल्या पट्ट्यात बॉटल रिकामी करून बसू नका. जाताना मनसरला दोन्ही भरा, खवासाला परत भरा, कुरईहून येताना पुन्हा खवासा. येतानाचा खवासा ते मनसर हा तुकडा भर दुपारचा आहे, त्यासाठी तिसरी एक लिटरची बाटली मागच्या बॅगेत अडकवा. बिसलरी-टाइप कोणतीही चालते, सील तपासा फक्त.

आणखी एक: जंगलात माकडं दिसली तिथं खायला थांबू नका. केळं हातात दिसलं की ते तुमचं राहत नाही. रामटेकच्या गडावर गेले असाल तर ठाऊकच आहे. सालं, रॅपर तिकडं फेकायचे तर मुळीच नाही, जर्सीच्या मधल्या खिशात एक रिकामी पन्नी ठेवा.

---

घामाचा_हिशोब

पाणी आणि मीठ माझ्याकडे.

“किती पाणी प्यावं” याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, पण स्वतःचं उत्तर घरच्या काट्यावर काढता येतं. दुपारच्या उन्हात दीड तासाची राइड ठरवा. निघण्याआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा तसंच वजन. समजा ५८.० चं ५७.२ झालं आणि मध्ये ७५० मिली प्यायलात, तर घाम गेला ८०० + ७५० = १५५० मिली. दीड तासाला एवढा, म्हणजे तासाला लिटरभर. मध्ये लघवीला थांबलात तर हिशोब बिघडतो, म्हणून राइड छोटी ठेवायची. ही चाचणी सकाळच्या गारव्यात आणि दुपारी अशी दोनदा करा, दोन्ही आकड्यांत मोठा फरक दिसेल.

गेलं तेवढं सगळं भरायचा हट्ट नको. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत तूट चालते. तुमच्यासाठी ती १.१ किलो. बहुतेकांना सकाळी तासाला ४००-५०० मिली, दुपारी ७००-८०० पुरतं. याहून जास्त पाणी पोट तासाला धड पुढे ढकलत नाही, ते आत डुचमळत राहतं.

विदर्भातल्या उन्हाची एक खोड आहे. हवा कोरडी, त्यामुळे घाम आला तसा उडतो. अंग कोरडं लागतं आणि वाटतं की घाम आलाच नाही. मुंबईत पाणी निथळतं म्हणून लक्षात येतं, आपल्याकडे फक्त काळ्या जर्सीवर पांढरे पट्टे दिसतात. ते पट्टे म्हणजे मीठ. ज्यांच्या जर्सीवर, हेल्मेटच्या पट्ट्यांवर दाट पट्टे येतात त्यांनी मिठाचं प्रमाण वरच्या बाजूला ठेवावं.

आता तुमच्या प्लॅनमधली धोक्याची जागा: सकाळपासून दोन्ही बॉटलमध्ये फक्त साधं पाणी. घामातून पाणी आणि सोडियम दोन्ही जातात, तुम्ही भरता फक्त पाणी. दहा-बारा तास असंच भरपूर प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, १३५ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली गेलं की हायपोनेट्रेमिया. लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, मग माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकरण वाढतं. ओळखायची खूण अशी की यात लघवी पाण्यासारखी, पोट भरलेलं आणि तहान नसते. तहान नसताना पिणं थांबवा आणि खारट काहीतरी खा.

ओआरएसच्या पाकिटाबद्दल. लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५. हे सूत्र जुलाबासाठी आहे. सोडियम भरपूर, साखर कमी. ते ७५० मिलीत कालवलं तर सगळं सव्वापटीहून जास्त दाट होतं, खारट लागतं आणि मळमळ वाढते. पूर्ण पाकीट नेहमी पूर्ण लिटरमध्येच. बॉटल ७५० ची असेल तर २०० मिलीची छोटी पुडकी घ्या, तीन पुडकी आणि पाणी ६०० च्या खुणेपर्यंत. सायकलवर ते दुपारी एकदा ठीक, पण इंधन म्हणून त्यावर विसंबू नका.

टेट्रापॅकमधली गोड पेयं वेगळी. बऱ्याच दिवसांपर्यंत त्यांच्या नावात ओआरएस असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाची अन्नसुरक्षा संस्था) सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. जुना माल दिसला तर मागची बारीक अक्षरं वाचा.

---

गिअर_चौतीस

बॉटलचं मिश्रण, ७५० मिलीसाठी:

साखर ४५ ग्रॅम (सपाट चहाचे ११ चमचे, पण काट्यावर मोजलेलं बरं), साधं मीठ १.५ ग्रॅम (सपाट पाव चमचा), अर्ध्या लिंबाचा रस, हवी तर चिमूटभर जिरेपूड.

हे ६ टक्क्यांचं पाणी झालं. ६ ते ८ टक्के साखर असेल तर जठर ते साध्या पाण्याच्या जवळपास वेगाने पुढे सोडतं. १२-१४ टक्के केलं की ते आतच राहतं, उलट आतडं त्यात पाणी ओढतं, आणि पोटात पेटके. दीड ग्रॅम मिठात सोडियम ५९० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला पावणेआठशेच्या थोडं वर. दुपारच्या घामाला बहुतेकांना पुरतं.

तयार गोळ्या घेतल्या तरी हरकत नाही, फक्त पाकिटावर सोडियम किती मिलिग्रॅम ते पाहा. काहींमध्ये रंग आणि वासच जास्त असतो. गोळीत साखर नसते, ती वेगळी टाकावी लागते, हे विसरायचं नाही.

घरून निघताना छोट्या झिप पाकिटांत प्रत्येकी ४५ ग्रॅम साखर अधिक दीड ग्रॅम मीठ भरून सहा पुड्या करा. दाणेदार साखर गार पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून मिक्सरवर फिरवून घ्या. बाजारातल्या पिठीसाखरेत काही वेळा कॉर्नफ्लोअर असतं, पाणी चिकट होतं. (पांढऱ्या पुड्या पाहून कोणी हटकलं तर चाखायला द्या.) लिंबं खवासापर्यंत कुठेही मिळतात, नाहीतर पुडीतच चिमूटभर लिंबूसत टाकून ठेवा.

एकच बॉटल गोड करायची. दुसरी साधी. डोक्यावर, मानेवर ओतायला, चिक्कीनंतर तोंड धुवायला आणि गोड नकोसं झाल्यावर प्यायला साधं पाणी लागतंच. साखरेचं पाणी डोक्यावर ओतलं तर माशा घरापर्यंत सोबत येतात.

---

त्रिमूर्तीनगर_सायकल

खूप धन्यवाद सगळ्यांना. थोडे प्रश्न अजून. साखरेऐवजी ग्लुकोज पावडर घेतली तर चांगलं का? साध्या मिठाऐवजी काळं मीठ किंवा सैंधव? नारळपाणी, उसाचा रस, संत्री रस्त्यात मिळतातच, ती कुठे बसवायची? आणि एवढं करूनही मळमळलं तर?

---

घामाचा_हिशोब

काळं मीठ असो की सैंधव, मुख्य माल सोडियम क्लोराइडच. चवीसाठी काळं मीठ घाला, चांगलं लागतं, पण त्यातून वेगळी ताकद येते ही समजूत सोडा. बीपीची किंवा किडनीची औषधं चालू असतील त्यांनी मात्र हे मिठाचे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी. घामातून उलटं जातं. छान लागतं म्हणून प्या, सोबत चिमूटभर मीठ जिभेवर. उसाच्या रसात १०० मिलीला १३-१५ ग्रॅम साखर असते. २५० चा ग्लास म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास, पण दाट. म्हणून अर्धा ग्लास रस, वरून तेवढंच साधं पाणी. बर्फ टाकू नका म्हणून आधीच सांगा. बर्फ कोणत्या पाण्याचा हे चरकवाल्यालाही माहीत नसतं, आणि त्याचे परिणाम सहा-आठ तासांत दिसतात, तेव्हा तुम्ही नेमक्या परतीच्या रस्त्यावर असता.

संत्री: त्या दिवसांत मृगबहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) संत्री बाजारात असतात. एका संत्र्यात जेमतेम ११-१२ ग्रॅम साखर, बाकी पाणी. फोडी मीठ लावून एखाद-दुसरं खा, तोंडाची चव परत येते. चार खाल्लीत तर आंबटपणा आणि चोथा दोन्ही त्रास देतील. संत्रा बर्फी हा खवा आहे, ती घरी.

पेटक्यांचं खापर नेहमी मिठावर फोडलं जातं. मीठ कमी पडणं हे एक कारण असू शकतं, पण बहुतेक वेळा सवयीपेक्षा जास्त जोर लावून थकलेला स्नायू गोळा होतो. गोळा आला की उतरून तो स्नायू ताणून धरा, तीस-चाळीस सेकंद, मग हलक्या गिअरवर चला. मीठ नंतर.

---

गिअर_चौतीस

ग्लुकोज की साखर: आतड्यात ग्लुकोजचा दरवाजा वेगळा आणि फ्रुक्टोजचा वेगळा. नुसता ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमपर्यंतच आत जातो. त्यापुढे जायचं असेल तर फ्रुक्टोजची जोड लागते, मग ९० पर्यंत पोचता येतं. शर्यतवाले तेच करतात. साखरेत दोन्ही निम्मे-निम्मे असतात. तुम्हाला ५० पुरे, तेव्हा दोन्ही चालतील. ग्लुकोज कमी गोड लागतो, हा त्याचा दुपारचा फायदा. दुपारच्या पुड्यांमध्ये निम्मी साखर, निम्मी ग्लुकोज पावडर असं करून पाहा.

मळमळलं तर: जबरदस्तीने खाऊ नका. वेग पाच किमीने कमी करा किंवा दहा मिनिटं सावलीत बसा. मानेवर, डोक्यावर पाणी. साखर पूर्ण बंद, फक्त साध्या गार पाण्याचे छोटे घोट. पंधरा-वीस मिनिटांत पोट मोकळं होतं. मग खारट बटाटा किंवा एक बिस्कीट, आणि दहा मिनिटांनी पुन्हा गोड बॉटल. बहुतेक वेळा दोष खाण्याचा नसून वेगाचा आणि उन्हाचा असतो. पण उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, बोलताना अडखळणं, सायकल सरळ रेषेत न राहणं यांपैकी काही दिसलं तर राइड तिथेच संपली. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा, आणि १०८ ला फोन. एकट्याने जाणार असाल तर खवासा-मनसर टप्प्यात घरच्यांना लाइव्ह लोकेशन द्या.

---

मिहान_पेडल

ढाब्याच्या जेवणाबद्दल माझं थोडं वेगळं मत. हे लोक म्हणतील जेवूच नका, खिशातलं खा. पण दहा तास गोड चघळून मन उबून जाते, एकदा ताटावर बसलं की उरलेलं अंतर निघते. फक्त जाताना नाही, येताना बसा, साडेबाराच्या सुमारास. अर्धा प्लेट भात, साधं वरण किंवा दही, मीठ वरून. एक वाटी शिजलेल्या भातात ४० ग्रॅम होतात. दाल तडका म्हटलं की वर बोटभर तेल येते, म्हणून “बिना तडका” सांगा. रोटी नको, ढाब्याची तंदूर रोटी बरेचदा मैद्याची आणि चिवट, पोटात दगड होते. पनीर तर नावही काढू नका. जेवून वीस मिनिटं बसा, मग पहिले दहा किमी हळू. ताक ताजं दिसलं तर एक ग्लास, मीठ घालून.

बॉटल आदल्या रात्री पाऊण भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, सकाळी वरून पाणी. फार तर दहापर्यंत गार राहते. नंतर जुना सुती मोजा ओला करून बॉटलवर चढवा, कोरड्या हवेत कूलरसारखं काम करते. गरम पाणी कोणी पीत नाही, आणि पीत नाही म्हणूनच मागं पडते.

---

त्रिमूर्तीनगर_सायकल

नवा प्लॅन मांडते, चूक असेल तिथे टोका.

रात्री आठच्या आत वरण-भात, दही. पहाटे ४ ला बिनतर्रीचे पोहे, एक केळं, चहा, ३०० मिली पाणी. साडेसहाला दोन खजूर. मनसर (सव्वाआठ): अर्धा गूळ-पोळी रोल, बॉटल भरणं. देवलापारपर्यंत बटाटे. खवासा (सव्वादहा): उरलेला रोल, पाणी. कुरई साडेअकराला. परत खवासा साडेबारा: अर्धा भात, वरण, मीठ, ताक. तिथून पुढे तीन बॉटल, दर दीड तासाला एक गोड पुडी, सोबत खजूर-बिस्किटं. मनसर तीनला, चहा. नागपूर साडेपाच-सहा.

---

गिअर_चौतीस

चांगला आहे. तीन दुरुस्त्या.

खवासाला जाताना उरलेला रोल खाऊ नका. पुढे कुरईचा घाट आहे. चढावर नाडी वाढते आणि नुकतंच खाल्लेलं पोटात उड्या मारतं. तो देवलापारला, नऊ-सव्वानऊला संपवा आणि खवासापासून घाटापर्यंत फक्त बॉटल. घाटमाथ्यावर श्वास बसला की खजूर.

गोड पुडी दुपारपासून नाही, सकाळी सातपासून. नाहीतर पहिल्या सहा तासांत पुन्हा तूट साठते. दीड तासाला एक बॉटल म्हणजे तासाला ३० ग्रॅम, उरलेले १५-२० खाण्यातून. दिवसभराला सहा पुड्या त्यासाठीच सांगितल्या.

तिसरं, हे सगळं त्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. आतड्यालाही सराव लागतो. आधीचे तीन रविवार रामटेक जाऊन-येऊन, १०० च्या आसपास: पहिल्या आठवड्यात तासाला ३० ग्रॅम, मग ४०, मग ५०. त्यातला एक रविवार मुद्दाम उशिरा निघा, म्हणजे परतताना ऊन लागेल आणि दुपारचं पोट काय म्हणतं ते कळेल. ज्या गोष्टीने तिथे त्रास दिला ती यादीतून बाद, मग ती इंटरनेटवर कितीही नावाजलेली असो.

---

घामाचा_हिशोब

मनसरच्या तीनच्या चहाला माझा पाठिंबा. चहाने पाणी निघून जातं ही भीती एक-दोन कपांना लागू नाही, आणि कॅफीन परतीच्या टप्प्यात खरंच उपयोगी पडतं. दुधाचा चहा पोटाला जड वाटला तर कोला घ्या: १०० मिलीत साखर जवळपास ११ ग्रॅम, थोडं कॅफीन. झाकण उघडून हलवून गॅस काढून टाका, आणि निम्मं पाणी मिसळा.

परत आल्यावर वजन करा. जेवढं कमी झालं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत, एका दमात नाही. एक किलो घटलं तर सव्वा ते दीड लिटर, सोबत खारट जेवण. पहिल्या तासाभरात ५०-६० ग्रॅम कार्ब आणि २० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मोठी ताटली खिचडी, वाटीभर दही आणि दोन अंडी, किंवा अंडी नको असतील तर ७०-८० ग्रॅम पनीर. वजन वाढलेलं दिसलं तर दिवसभर पाणी जास्त झालं, पुढच्या वेळी तासाला १०० मिली कमी.

आणि त्याच रात्री बॉटल धुवा. साखरेचं पाणी नोजलच्या रबराखाली साचतं, दोन दिवसांत काळी बुरशी. नोजल ओढून वेगळं काढा, गरम पाणी आणि एक चमचा खाण्याचा सोडा, अर्धा तास भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, उघडी वाळवा.

---

मिहान_पेडल

नोजल निघत नसेल तर पकडीनं ओढू नका, दात उमटतात आणि मग गळते. गरम पाण्यात दोन मिनिटं उलटी धरा, रबर मऊ होते, हातानं येते.